आणि आरीवोके

बाहुलीला पाय नव्हते. कमरेपर्यंतच होती, निळं जर्किन, उघडं तोंड, केस नसलेलं गुळगुळीत डोकं. सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एरवी बारशी होतात, नाहीतर वार्षिक सभेतली भांडणं. तिथं सतरंजीवर तिला उताणी ठेवली होती आणि भोवती आम्ही पंचवीसेक पोक्त माणसं मांडी घालून बसलो होतो. रविवारची दुपार, मटणाची जेवणं झालेली. निम्म्या लोकांच्या बाहुलीपेक्षा जास्त हालचाली नव्हत्या.

हा घाट घातला गेला, कारण महिन्यापूर्वी आमच्यातले एकजण सकाळी बॅडमिंटन खेळताना कोसळले. आम्ही भोवती जमलो आणि जे जे येत होतं ते सगळं केलं. एकानं पाणी मारलं, एकानं तळपाय चोळले, एकजण कांदा आणायला तिसऱ्या मजल्यावर धावला. मी काय केलं? मी 'हवा येऊ द्या, हवा येऊ द्या' म्हणत होतो, आणि स्वतःच हवा अडवून उभा होतो. गृहस्थ वाचले. पण त्यात आमचा काही हात नव्हता, हे त्यांनाही कळलं असावं, कारण बरे होऊन आल्यावर त्यांनी पहिलं काम हे सीपीआरचं, म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू ठेवायला शिकवणारं, शिबिर ठरवण्याचं केलं.

शिकवायला मिरजेहून एक मुलगी आली होती. मुलगी म्हणजे पंचविशीची असेल. एकदम खणखणीत आवाज. ती गुडघ्यांवर बसली, बाहुलीचे दोन्ही खांदे थोपटले आणि म्हणाली, ''आधी छातीला हात लावायचा नाही. आधी विचारायचं. मोठ्यानं. 'काका, ओ काका, ठीक आहात काय?' या बाहुलीचं नाव ॲनी. म्हणून बाहेर सगळीकडं शिकवताना म्हणतात, ॲनी, ॲनी, आर यू ओके?''

मी हसलो. म्हणजे मोठ्यानं, एकट्यानं हसलो. बायकोनं वळून अशी बघितली की मला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

तीसेक वर्षं मी ते 'आणि' ऐकत होतो.

ज्यांच्या लक्षात आलं त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ज्यांच्या आलं नाही, त्यांच्यासाठी: मायकल जॅक्सनचं 'स्मूथ क्रिमिनल'. १९८७च्या 'बॅड' अल्बममधलं. त्यात तो हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, इतक्या घाईनं की मराठी माध्यमाच्या पोराला त्यात प्रश्न आहे हे कळायची सोयच नाही. आम्हाला ऐकू यायचं ते असं: आणि आरीवोके, आरीवोके आणि. पैकी 'आणि' स्वच्छ कळत होतं. राहिलं आरीवोके. माझा दोस्त अन्या म्हणायचा ते गावाचं नाव असणार, आफ्रिकेत. आम्ही नकाशाच्या पुस्तकात शोधलंसुद्धा.

पण खरा अभिमान 'आणि'चा. जगातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला मराठीतला एक शब्द येतो, आणि तोही कुठला, तर उभयान्वयी अव्यय! मी हे आजीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ''आणि काय? पुढं बोल म्हणावं की त्याला.''

पुढं तो बोलायचा नाही, याला कारण हरभट रोडच्या बोळातलं दुकान. त्या वेळी कॅसेट विकत घेण्यापेक्षा भरून घ्यायची पद्धत होती. कोरी कॅसेट न्यायची, साठ किंवा नव्वद मिनिटांची, वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची आणि आठ दिवसांनी चकरा सुरू करायच्या. दुकानदाराला इंग्रजी गाण्यांत काडीचा रस नव्हता. त्यानं आमच्या कॅसेटवर आपल्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं: 'मायकल – फास्ट'. दुसऱ्या बाजूला 'मायकल – स्लो'. आजतागायत मायकल जॅक्सनच्या संगीताची यापेक्षा नेमकी विभागणी मी कुठं वाचलेली नाही. तर फास्टच्या बाजूला शेवटचं गाणं हे, आणि त्यानं ते मोजमाप न करता घातलेलं. फीत मधेच संपायची. गाणं भरात आलेलं असताना 'आणि—' म्हणायचं, आणि टक! टेपरेकॉर्डरचं बटण वर. दोन-तीन वर्षं ते गाणं माझ्यासाठी तिथंच संपत होतं. अजूनही पूर्ण गाणं लागलं की त्या जागी माझा कान टक ऐकतो आणि पुढचं सगळं कुणीतरी जादा जोडल्यासारखं वाटतं.

दादांना, म्हणजे वडिलांना, हे अर्थातच चालत नव्हतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं 'सीता स्वयंवर' केलं त्या गावात राहायचं आणि घरात हा आरडाओरडा! त्यांचं सगळं नाट्यसंगीतावर आणि किराणा घराण्यावर. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला गाणं असतं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीचं. तिथं ते मला लहानपणी घेऊन जायचे. चिंचेखाली बसायचं, गायकाची एक पट्टी लागली की दादांचा हात माझ्या पाठीवर आपोआप थांबायचा, आणि मी त्यांच्या मांडीवर झोपून जायचो. माझं संगीतशिक्षण म्हणजे एवढीच झोप. तरी एकदा रविवारी दाढी करता करता ते बाहेर आले, अर्ध्या गालाला साबण, आणि टेपरेकॉर्डरपाशी उभे राहिले. मला वाटलं आता बंद करणार. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ''समेवर येतो बरोबर.'' आणि आत गेले. मी मागून विचारलं, ''शब्द कळले?'' तर मोरीतून आवाज आला, ''तराण्यात तरी काय कळतं?''

या एका वाक्यावर मी आयुष्य काढलंय. मायकलच्या गाण्यांचे शब्द मी कधीही शोधले नाहीत. पोरगी मोबाइलवर गाणं लावते तर खाली शब्द सरकत असतात. मी फोन उपडा ठेवतो. तिला हा विक्षिप्तपणा वाटतो. असेल. पण चाळिशीनंतर अचानक 'त्याचा अर्थ किती खोल होता' असं सांगणारे जे लोक भेटतात ना, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. तुम्हालाही तेव्हा आरीवोकेच ऐकू येत होतं. कबूल करा की.

अन्याची गोष्ट सांगायची राहिली. ती सांगितल्याशिवाय मला त्या बाहुलीपाशी परत जाता येत नाही.

डिसेंबर १९९३, नववीत होतो. शाळेचं स्नेहसंमेलन. आम्हा पाचजणांचा रेकॉर्ड डान्स. गाणं हेच. अन्या मायकल, कारण त्याच्याकडं पांढरा सफारी होता, मामाच्या लग्नातला. डोक्याला क्रिकेटच्या पंचाची पांढरी हॅट, तिला बहिणीची काळी रिबीन. मी मागच्या रांगेत डावीकडं. तोपर्यंत केबल आलेली होती आणि व्हिडिओत तो जे करतो ते सगळ्या गावानं पाहिलेलं होतं. म्हणजे माणूस ताठच्या ताठ पुढं वाकतो, पाय जमिनीला, टाचा न उचलता, निम्मा आडवा होतो आणि पडत नाही. ते केल्याशिवाय डान्सला अर्थ नव्हता.

कसं करतो यावर आमच्या दोन तुकड्या होत्या. एक म्हणायची कॅमेऱ्याची करामत. अन्या म्हणायचा, ''नाय. खिळा हाय.''

आणि त्यानं तो खिळा शोधून काढला. चुलतभावाचे एनसीसीचे बूट आणले. टाचेला हॅकसॉच्या पात्यानं मागून त्रिकोणी खाच पाडली. गावभागातल्या त्यांच्या वाड्याच्या माडीवर फळीत जाड खिळा ठोकला, वर बोटभर ठेवला, डोकं चपटं करून. टाचेची खाच खिळ्यात अडकवायची आणि पुढं झुकायचं. माडीवर दोनदा जमलं. तसे मागून आम्ही दोघं त्याचा शर्ट धरून होतो, पण जमलं.

पुढं कितीतरी वर्षांनी मी वाचलं की अन्या बरोबर होता. व्हिडिओत तारा होत्या, पण रंगमंचावर करण्यासाठी मायकल जॅक्सन आणि त्याच्या दोन वेशभूषाकारांनी खास बूट बनवला होता. टाचेत खाच, रंगमंचातून खुंटी वर येते, खाच त्यात अडकते. त्याचं अमेरिकेत पेटंट आहे. मिळालं २६ ऑक्टोबर १९९३ला. म्हणजे आम्हाला दोनच महिन्यांचा उशीर झाला. फोन करून मी हे अन्याला सांगितलं तर तो म्हणाला, ''आमच्या खिळ्याचं पैशे मिळत्यात काय बघ.''

तर स्टेज. पिंपांवर फळ्या टाकलेलं मंडपवाल्याचं स्टेज. खिळे आदल्या रात्री ठोकलेले. गाणं लागलं, शिट्ट्या सुरू झाल्या. अन्या खरंच फार छान नाचला. हे मी आज लिहितोय, तेव्हा त्याला कधी सांगितलं नाही. मग ती जागा आली. त्यानं टाचा सरकवल्या, अडकवल्या, माझ्याकडं मान वळवून एक डोळा मिटला आणि झुकला. वीत, दीड वीत, दोन. सभागृह एकदम गप्प. मी मागून पाहत होतो. पांढऱ्या सफारीची पाठ फळीसारखी सरळ. तो खरंच हवेत होता. एक क्षण, पण होता.

मग उजव्या बुटाची टाच उपटून आली. शेवगा मोडावा तसा तो खाली आला, हात मागंच, हनुवटीवर.

प्रेक्षकांना वाटलं डान्सच आहे. काय टाळ्या पडल्या! पहिल्या रांगेतले पाहुणेसुद्धा टाळ्या वाजवत होते. आणि कर्ण्यातून गाणं चालू: आणि आरीवोके, आरीवोके, आरीवोके आणि. शाळेतली निम्मी पोरं ते त्याच्याबरोबर ओरडत होती. तो प्रश्न आहे, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

मी नाचत राहिलो. सांगायला बरं वाटत नाही, पण राहिलो. आठ सेकंद असतील, दहा असतील. पाय बसवलेले होते, ते चालत राहिले. सफारीच्या कॉलरवर लाल दिसलं तेव्हा ड्रिलच्या मास्तरांनी उडी मारली, मी नव्हे. तीन टाके पडले. दवाखान्यात पोचेपर्यंत त्याच्या वडिलांनी रुमालातून हळद दाबून धरली होती. हळदीचे व्यापारी, खिशातच असायची. अन्या आता तीच अडत चालवतो. दाढी ठेवलीय, त्यामुळं व्रण दिसत नाही. नखं पिवळी.

त्यानंतर आमच्यात फरक पडला असं नाही. पण १९९६ला पडला. १ नोव्हेंबरला मायकलचा मुंबईत कार्यक्रम झाला, अंधेरीच्या क्रीडासंकुलात. विमानतळावर सोनाली बेंद्रेनं औक्षण केल्याचा फोटो पेपरात होता, तो आजीनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला. म्हणाली, ''कुक्कू शोभतंय की. पर नाकाचं काय करून घेतलं ह्यानं.'' मला परवानगी मिळाली नाही. अन्या महालक्ष्मीनं गेला, जनरलच्या डब्यातून, संडासाजवळ उभा राहून. परत आला आणि म्हणाला, आत शिरलो. लांबून काडेपेटीतल्या काडीएवढा दिसला. मी विचारलं, ''वाकला?'' म्हणाला, ''वाकला.'' मी विचारलं, ''आणि?'' तो म्हणाला, ''आणि काय, पडला नाही.''

तिकिटाचा तुकडा त्यानं अजून दाखवलेला नाही. दर दिवाळीला मी मागतो. तो आत गेलाच नसणार, असं मला अठ्ठावीस-तीस वर्षं वाटतंय. खरं म्हणजे वाटून घ्यायचंय.

कॅसेट २००५च्या पुरात गेली. आयर्विन पुलाखाली कृष्णामाई ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून किती वर गेली होती ते गावभागातल्या भिंती सांगतील. पाणी उतरल्यावर दादांच्या आणि माझ्या सगळ्या कॅसेटी गच्चीवर सांडग्यांसारख्या वाळत घातल्या. शाई धुऊन गेलेली. फास्ट कुठलं, स्लो कुठलं, खाँसाहेब कुठले, काही कळेना. एक वाळली तशी लावून पाहिली. पाण्याखालून कुणीतरी बोलतंय असा आवाज आला. दादा म्हणाले, हा तुझा. मी म्हटलं, तुमचा. टाकून दिली.

बाहुलीवरून आठवलं. त्या मुलीनं मधल्या सुट्टीत सांगितलं की ॲनीचा चेहरा खऱ्या मुलीचा आहे म्हणतात. पॅरिसला सीन नदीत (आपली सोलापूरकडची सीना नव्हे) एक अनोळखी मुलगी बुडाली, तिच्या चेहऱ्याचा साचा कुणी घेतला, आणि तो मुखवटा लोक घरात शोभेला लावायचे. गोष्ट कितपत खरी कोण जाणे, पण मुखवटा होता. नॉर्वेतल्या एका खेळणी बनवणाऱ्यानं १९६०च्या सुमारास ही बाहुली केली तेव्हा तोच चेहरा तिला दिला. मग जगभर लोक तिला विचारत सुटले, बरी आहेस ना. सगळे हळहळले. आमच्याकडं नदीचं नाव काढलं की हळहळ लगेच येते. घाटावर वाढलेल्या प्रत्येकाला एकतरी नाव आठवतं.

चहा आला. चहानंतर ती म्हणाली, ''सगळ्यात मोठी चूक सांगते. माणूस पलंगावर असेल तर पलंगावर दाबत बसू नका. गादी खाली जाते, छाती नाही. आधी खाली घ्या. कडक जमिनीवर. आणि दोन्ही हात.''

मी कप खाली ठेवला.

२००९चा जून. आपल्याकडं २६ तारीख उजाडली होती, तिकडं अजून २५. बँकेत निघायच्या गडबडीत टीव्हीवर पट्टी पाहिली, मायकल गेला. पन्नाशीचा होता. दोन वर्षांनी त्याच्या डॉक्टरवर खटला चालला, त्यात सगळं बाहेर आलं. झोप येत नव्हती म्हणून भूल द्यायचं औषध चालू होतं, हृदय थांबलं, आणि खोलीत धावत आलेल्या अंगरक्षकानं साक्षीत सांगितलं की डॉक्टर त्याची छाती दाबत होता, पलंगावरच, एका हातानं. नोव्हेंबर २०११मध्ये डॉक्टर दोषी ठरला. तेव्हा मी ती बातमी नटनट्यांच्या बातम्या वाचतात तशी वाचली होती. पलंगावर, एका हातानं, यात काय बिघडलं, हे मला त्या रविवारी, सतरंजीवर कळलं.

''काका, तुम्ही या,'' मुलगी म्हणाली.

मी गेलो. गुडघे कडकडले. सरळ छातीवर हात ठेवले तर तिनं मनगट धरलं. ''काका! आधी काय?''

पंचवीस माणसं बघत होती. मी वाकलो, खांदे थोपटले. जो आवाज निघाला तो माझ्याच ओळखीचा नव्हता, बायको नंतर म्हणाली की रडतोयस की काय असं वाटलं. विचारलं एकदाचं. बाहुली काही बोलली नाही.

मग दाबायला लागलो. मिनिटाला १०० ते १२०, तिनं सांगितलं होतं. मला आकडा धरायची गरजच नव्हती. ते गाणं ११८च्या आसपास चालतं, आणि ते तर आतून सुरूच होतं. एक दोन तीन चार. खांदे सरळ, कोपर ताठ. माझी मागच्या रांगेतली जागा मला बरोबर आठवत होती. घाम आला, श्वास लागला, तरी पाय, म्हणजे हात, चालत राहिले. कुणीतरी शिट्टी वाजवली.

''वेग एकदम बरोबर आहे काका,'' ती मुलगी बाहुलीच्या छातीला कान लावून म्हणाली. ''पण टक वाजत नाहीये. पाच सेंटिमीटर आत गेलं की आतून टक वाजतं. अजून खोल जायला पाहिजे.''

मी अजून जोर लावला. मग म्हटलं, आता दुसऱ्या कुणालातरी द्या.